दिव्याखालच्या रोपांची पानं रंग बदलतात तेव्हा: कारण शोधायची पद्धत

घरात एलईडी दिव्याखाली वाढणाऱ्या मिरची, टोमॅटो, बेसिल किंवा लेट्यूसचं पान पिवळं पडलं की खताचा डोस वाढवायची घाई होते. बऱ्याचदा त्यानेच दुखणं वाढतं. खत कुंडीत असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. कधी सामू म्हणजे पीएच चढलेला असतो, कधी माती सतत ओली राहून मुळी गुदमरलेली असते, कधी क्षार साठलेले असतात. त्यावर आणखी खत ओतलं की क्षार वाढतात आणि मूळ कारण झाकलं जातं. म्हणून तपासणीचा क्रम पक्का ठेवा: आधी पान, दोन्ही बाजूंनी. मग मुळं आणि पाणी. मग दिवा आणि हवा. खताची पाळी सगळ्यात शेवटी.

पाहणी पांढऱ्या उजेडातच

जांभळट-गुलाबी दिव्याखाली पानाचा खरा रंग दिसत नाही, पिवळं आणि फिकट हिरवं यातला फरक कळतच नाही. दिवा बंद करा, रोप खिडकीजवळ न्या किंवा पांढरी विजेरी वापरा. पानामागे कोरा पांढरा कागद धरून फोटो काढा. रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून काढलेले चार-पाच फोटो एकापुढे एक ठेवले की रंग कुठून कुठे सरकतोय ते दिसतं. एका फोटोवरून केलेलं निदान म्हणजे अंदाजच.

आणखी एक साधी सोय करा. बिघडलेल्या पानांपैकी सगळ्यात वरच्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा. पाच दिवसांनी दोऱ्याच्या वरची पानंही बिघडली असतील तर दुखणं चालू आहे. वरची पानं स्वच्छ असतील तर ते थांबलंय आणि दिसतोय तो फक्त जुना डाग. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावरून ठरवायचं नाही, नव्या फुटीवरून ठरवायचं.

पहिला प्रश्न: खालून की वरून?

रंग काय आहे यापेक्षा तो रोपाच्या कोणत्या भागात बदलला, हे जास्त महत्त्वाचं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम रोपाच्या अंगात फिरू शकतात. तुटवडा पडला की रोप ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, त्यामुळे लक्षणं आधी खालच्या पानांवर येतात. कॅल्शियम, लोह, मंगल (मँगनीज), बोरॉन ही द्रव्यं एकदा पानात बसली की जवळजवळ हलत नाहीत. त्यांची कमतरता नव्या पानांवर आणि शेंड्यावर दिसते. गंधक आणि जस्तही बहुधा नव्या पानांवरच बोलतात.

मग आकृती पाहा.

खालचं पान शिरांसकट सारखं फिकट होत गेलं, शेवटी पूर्ण पिवळं होऊन गळलं आणि त्याच्या वरचं त्याच वाटेला लागलं, तर नत्र. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, कडेकडून आत सरकणारा, तर मॅग्नेशियम. टोमॅटोवर फळांचा भार आला की हे हमखास दिसतं. खालच्या पानाची कड आधी पिवळी, मग तपकिरी होऊन करपते आणि पानाचा मधला भाग बराच काळ हिरवा राहतो, तो पालाश. पान गडद, मळकट हिरवं, खालून जांभळट आणि रोप खुजं, तर स्फुरद. पण इथे घाई नको. मुळांभोवतीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं तर कुंडीत भरपूर स्फुरद असूनही मुळांना तो घेता येत नाही आणि पानं तशीच जांभळी होतात. मिरचीच्या काही जाती तर मुळातच जांभळट असतात. त्यांचा रंग म्हणजे रोग नव्हे.

वरच्या पानांत लोह आणि मंगल यांची गल्लत सर्रास होते. लोहाच्या कमतरतेत कोवळं पान पिवळं, कधी पांढरट होतं आणि त्यावर अगदी बारीक शिरांचंही हिरवं जाळं स्पष्ट, रेखीव उमटतं. मंगल कमी असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा राहतो, कडा धूसर असतात आणि पुढे बारीक तपकिरी ठिपके येतात. पान शिरांसकट सारखंच फिकट, पण तेही नव्या फुटीवर, असेल तर गंधकाचा विचार करा. पानं लहान आणि पेरं आखूड राहून शेंड्याशी झुबका झाला तर जस्त. शेंड्याची कोवळी पानं वेडीवाकडी, टोकाला करपलेली असतील तर कॅल्शियम. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा काळ्या पडणं आणि टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडणं हेही त्याच घरातले प्रश्न आहेत.

रोपाची पहिली दोन बीजपत्रं पिवळी होऊन गळली तर काळजी करू नका. त्यांचं काम संपलेलं असतं. दाट झाडाच्या तळाशी, सावलीत असलेलं एखादं पान पिवळं पडणंही नैसर्गिक आहे.

पान उलटून बघा

खताचा विचार करण्याआधी हे केलंच पाहिजे, कारण किडीचं नुकसान लांबून कमतरतेसारखंच दिसतं. १० पट भिंग पुरेसं आहे, ३० पट असेल तर उत्तम.

पानावर वरून बारीक रवा भुरभुरल्यासारखे फिकट ठिपके दिसत असतील तर ते पान उलटा आणि मधल्या शिरेच्या कडेने भिंग हळूहळू सरकवा. लाल कोळी तिथेच दाटीने बसतो. पिवळट-हिरवट अंगावर दोन गडद डाग, आठ पाय, आणि आसपास काचेच्या मण्यांसारखी गोल, पारदर्शक अंडी. कातही पांढऱ्या सालपटासारखी चिकटलेली दिसते. भिंग नसेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका आणि पडलेल्या कणांवरून बोट फिरवा. चालणारा कण किंवा ओढलेली तांबूस रेघ दिसली तर उत्तर मिळालं. जाळी दिसायला लागेपर्यंत थांबलात तर प्रादुर्भाव फार पुढे गेलेला असतो. कोरड्या, गरम हवेत लाल कोळ्याची पिढी आठवडा-दीड आठवड्यात तयार होते. म्हणून उपायही एकदा करून भागत नाही. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा, मग पोटॅशियम साबणाचं कीडनाशक लेबलवरच्या मात्रेत फवारा आणि ५ ते ७ दिवसांच्या अंतराने किमान तीनदा करा. साबण अंड्यांना फारसं काही करत नाही, म्हणून पुढच्या फवारणीने नव्या पिल्लांना गाठायचं.

पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे बारीक ठिपके म्हणजे फुलकिडे. मिरचीचा शेंडा आकसला असेल तर कडा कुठे वळल्यात ते पाहा: वरच्या दिशेला वळलेल्या असतील तर बहुधा फुलकिडे, उलट्या होडीसारख्या खाली वळून पान लांबट-अरुंद झालं असेल तर पिवळा कोळी. हा पिवळा कोळी सुमारे ०.२ मिलिमीटरचा असतो, साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याला कॅल्शियमची कमतरता समजून आठवडेच्या आठवडे वाया जातात. पांढरी पूड बोटाने पुसली जाते का तेही पाहा. पुसली जाऊन पुन्हा आली तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. पुसूनही न जाणारे, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे पांढरे डाग बहुधा जड पाण्याची फवारणी केल्याने राहिलेले क्षार असतात.

मुळं: अर्धी उत्तरं इथे मिळतात

कुंडी हातात उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाणी दिल्यावर लगेच आणि सुकल्यावर, असं दोन्ही वेळा उचललं की हाताला फरक कळतो. पान मरगळलेलं आणि कुंडी जड, तर पाणी जास्त झालंय. पान मरगळलेलं आणि कुंडी हलकी, तर तहान. दोन्हीकडे रोप माना टाकतं, म्हणून नुसत्या मरगळीवरून पाणी द्यायचं नाही. जास्त पाण्याने झुकलेलं पान जाडसर, फुगलेलं लागतं. तहानलेलं पान पातळ आणि मऊ लागतं.

आता रोप बाहेर काढून बघा. बोटांच्या बेचक्यात खोड धरा, कुंडी आडवी करा, बाहेरून थोपटा आणि मुळांचा गड्डा अलगद सरकवा. निरोगी मुळी पांढरी किंवा मलईच्या रंगाची, टणक आणि केसाळ असते, वास ओल्या मातीचा येतो. सडलेली मुळी तपकिरी, बुळबुळीत असते. ती चिमटीत धरून ओढा: वरचं आवरण मोज्यासारखं सुटून आत नुसता बारीक दोरा उरला तर मूळकूज झालीय, असं समजा. रंगीत खतद्रावणाने मुळं नुसती डागाळतात. ती टणक असतील आणि साल सुटत नसेल तर घाबरू नका.

मुळी गुदमरली की खालची पानं पिवळी होतात, लोहाची कमतरता दिसू लागते, वाढ थांबते. इथे खत वाढवणं म्हणजे आजारी माणसाला जबरदस्तीने जेवू घालणं. वाफसा येऊ द्या, म्हणजे वरची २ ते ३ सेंटिमीटर माती कोरडी होऊ द्या, मग पाणी द्या. थाळीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओता. मिश्रण चिकट असेल तर कुंडी बदलताना २० ते ३० टक्के पर्लाईट (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे) घाला. पाण्यात मुळं वाढवत असाल तर द्रावणाचं तापमान १८ ते २२ अंशांत ठेवा. पाणी गरम होतं तसा त्यातला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मूळकुजीच्या बुरशीला हीच गरमी मानवते.

सामू आणि ईसी मोजा

मोजणी न करता खताबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ईसी म्हणजे पाण्याची वीजवाहकता, तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या सामूच्या द्रावणाने) जुळवून घ्या. त्याचं टोक ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवू नका, त्यासाठी मिळणाऱ्या साठवण द्रावणातच ठेवा. कोरडं पडलेलं टोक खोटे आकडे दाखवतं आणि त्या आकड्यांवर विसंबून केलेली प्रत्येक दुरुस्ती चुकते.

कुंडीतली मोजणी अशी करा:

१. नेहमीसारखं पाणी देऊन मिश्रण पूर्ण भिजवा.
२. ३० ते ६० मिनिटं थांबा, थाळीतलं पाणी फेकून द्या.
३. ऊर्ध्वपातित किंवा आरओ पाणी सगळीकडे सावकाश ओता, खालून ५० मिलिलिटरच्या आसपास निथळेल इतकंच.
४. त्या पाण्याचा सामू आणि ईसी मोजा, शेजारी तुम्ही घालता त्या द्रावणाचेही आकडे लिहा.

माती किंवा पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) मिश्रणात सामू ६.० ते ६.८ हवा, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आणि पाण्यात ५.५ ते ६.२. सामू ७ च्या वर गेला की लोह, मंगल, जस्त मुळांच्या हाती लागत नाहीत, मग डब्यात ती कितीही असोत. वरची पानं जाळीदार पिवळी आणि निथळलेल्या पाण्याचा सामू ७.३ असेल, तर आधी सामू उतरवा, लोह नंतर.

ईसी रोपागणिक बदलते. लहान रोपांना ०.८ ते १.२, लेट्यूस-बेसिलला १.२ ते १.८, मिरचीला १.८ ते २.५, फळावर आलेल्या टोमॅटोला २ ते ३.५ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर. पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) बोलू नका: काही मीटर ईसीला ५०० ने गुणतात, काही ७०० ने, आणि मग दोघांचं बोलणं जुळत नाही.

निथळलेल्या पाण्याची ईसी तुम्ही घालता त्यापेक्षा १ किंवा जास्त वर असेल तर क्षार साठलेत. त्याची खूण म्हणजे पानांची अगदी टोकं तपकिरी, कोरडी होतात, बाकीचं पान गडद हिरवं राहतं आणि हे वर-खाली सगळीकडे दिसतं. पालाशाच्या कमतरतेत मात्र खालच्याच पानांची पूर्ण कड जाते. क्षार धुवायला कुंडीच्या दोन ते तीन पट पाणी लागतं, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला २० ते ३० लिटर. सामू जुळवलेलं पाणी थांबत-थांबत ओता आणि शेवटचे दोन लिटर पाव मात्रेच्या खतद्रावणाचे द्या, नाहीतर कुंडी पार उपाशी राहते. मुळं सडलेली असतील तर एवढं पाणी ओतू नका. तिथे मिश्रण बदललेलं बरं.

निथळाची ईसी आत जाणाऱ्यापेक्षा स्पष्ट कमी असेल आणि खालची पानं सारखी फिकट होत असतील, तर रोप भुकेलं आहे. आता खत वाढवायला खरं कारण मिळालं.

पाण्याचा स्वभाव

आरओ पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं. नळाच्या पाण्याचा हिशेब धरून बनवलेलं खत त्यात घातलं की काही आठवड्यांत ही दोन्ही कमी पडतात. जड पाण्यात उलट होतं. त्यातली बायकार्बोनेटं प्रत्येक पाण्याबरोबर कुंडीचा सामू वर ढकलत राहतात. नुसता पाण्याचा सामू पाहून हे कळत नाही, क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, पाहावी लागते. कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ती लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आम्ल घालून द्रावण ६ च्या आसपास आणणं जवळपास अपरिहार्य असतं. नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला.

कोकोपीट धुऊन, कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवून घेतलेलं नसेल तर ते सुरुवातीला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पालाश-सोडियम सोडतं. नव्या कोकोपीटमधल्या रोपाची पानं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बिघडली तर आधी इथे शंका घ्या.

खताचे तीव्र साठे मिसळण्याचाही नियम आहे. कॅल्शियम नायट्रेट कधीही सल्फेट किंवा फॉस्फेटच्या तीव्र द्रावणात ओतू नका. तळाला पांढरा साका बसतो, आणि त्या साक्यात तुमचं कॅल्शियम, गंधक आणि स्फुरद अडकलेलं असतं.

दिवा आणि हवा

दिव्याच्या सर्वांत जवळचीच पानं पांढरट झाली, बाजूची आणि खालची हिरवीगार असतील, तर उजेड जास्त झालाय. इथे शिराही फिकट होतात, लोहाच्या कमतरतेतलं रेखीव जाळं दिसत नाही. एलईडीखाली हाताला उष्णता लागत नाही म्हणून अंतर ठीक आहे असं मानू नका. पानाला इजा उजेडाने होते, उबेने नव्हे.

लहान रोपांना १०० ते २००, पालेभाज्यांना २०० ते २५०, मिरची-टोमॅटोला ४०० ते ६०० मायक्रोमोल (पानावर पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतका उजेड पुरतो. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सचा आकडा ६५ ते ७० ने भागला की ढोबळ उत्तर मिळतं. रोजची बेरीजही काढा: २५० मायक्रोमोल १६ तास म्हणजे १४.४ मोल. लेट्यूसला १२ ते १७ मोलच्या पुढे नेलं आणि वर पंखा नसेल तर आतली पानं करपतात. टोमॅटोला २४ तास दिवा लावू नका. सलग उजेडात त्याची पानं पिवळी-ठिपकेदार होतात, खताने ती सुधारत नाहीत. ६ ते ८ तास पूर्ण अंधार द्या.

कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, म्हणून पानातून बाष्प उडणं गरजेचं असतं. हवा दमट आणि थांबलेली असेल तर कुंडीत कॅल्शियम असूनही शेंडा उपाशी राहतो. अशा वेळी बाटलीतल्या कॅल्शियमपेक्षा छोटा पंखा जास्त कामाचा. पानं हलकी थरथरतील एवढीच हवा पुरे.

आता खत, एका वेळी एकच

सामू बरोबर, मुळं पांढरी, कीड नाही, उजेड ठीक, आणि तरी आकृती स्पष्ट आहे, तेव्हा नेमका डोस द्या.

मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला अर्धा ग्रॅम मुळांना द्या. त्यातून सुमारे ५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. फवारायचं असेल तर लिटरला ५ ग्रॅम, दिवा बंद असताना, आणि आधी एकाच पानावर फवारून दोन दिवस पाहा. लोहासाठी चिलेट (लोहाला विरघळलेलं ठेवणारं संयुग) निवडताना सामू पाहा: ईडीटीए साधारण ६.५ पर्यंत टिकतं, डीटीपीए ७.५ च्या आसपासपर्यंत, त्यापुढे ईडीडीएचए लागतं. नत्रासाठी नेहमीच्या संतुलित द्रावणाची ईसी ०.२ ते ०.३ ने वाढवा, नुसता युरिया ओतू नका. पालाशाची मात्रा वाढवताना जपा. पालाश फार झाला की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळांत शिरायला अडतात. आज पालाश, परवा मॅग्नेशियम अशी खतांची रांग त्यातूनच सुरू होते.

एक बदल केला की ५ ते ७ दिवस थांबा. नत्राला रोप आठवड्यात उत्तर देतं, लोहाचा परिणाम त्याच मुदतीत नव्या पानांवर दिसतो, क्षार धुतल्यावर मात्र दहा दिवस लागू शकतात. एकाच दिवशी तीन उपाय केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडायला लागतं.

पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे गिचमिड चट्टे, पान वाकडं, कोणत्याही शिरेचा हिशेब लागत नाही आणि दोऱ्याच्या वरचं प्रत्येक पान तसंच येतंय, तर विषाणूचा संशय घ्या. त्यावर औषध नाही. रोप पिशवीत घालून बंद करा आणि टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. हात साबणाने धुवा, कात्री एकास नऊ प्रमाणात पाणी मिसळलेल्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवून मगच दुसऱ्या रोपाला लावा.

बाकी पिवळी पानं निदान होईपर्यंत तोडू नका. नत्र आणि मॅग्नेशियम त्यांच्यातूनच वर जात असतं आणि तुमचा पुरावाही तीच असतात. कारण सापडलं, नवी फूट हिरवी आली, की अर्ध्याहून जास्त तपकिरी झालेली पानं देठाजवळून कापा.